एका ट्रम्पेटवर दोघं

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आईचं काही बरंवाईट झालं की काय, असं आधी वाटलं असेल तुला. तसं काही नाही. आई ठणठणीत आहे. आत्ता आतल्या खोलीत मटार सोलतेय, आणि मी कोणाला लिहितेय ते तिला दिसू नये म्हणून मी कागदापुढे वही उभी धरलीय. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी!

फोनवर तुझ्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. दर रविवारी आईचं तुझ्याशी बोलून झालं की ती "घे, ताई आहे इथेच" म्हणून फोन माझ्या हातात देते, आणि मग आपण दोघं हवापाण्याची चौकशी करून एकमेकांची सुटका करतो. आपलं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं.

कामाचं सांगते. मी नगर बँड सोडला. तेवीस वर्षं झाली, कंटाळा आला. आता घरीच मुलांना ट्रम्पेट शिकवते. हसलास ना? मला माहीत होतं. ज्या बाईला शेजारच्या मुलाला सायकल शिकवताना रडवायची सवय, ती आता शिकवण्या घेतेय.

तीन विद्यार्थी आहेत. खाली बेकरी आहे, त्या बेकरीवाल्याची दोन मुलं. मोठी अकरा वर्षांची. ती खुर्चीत इतकी ताठ बसते आणि मी बोललेलं सगळं वहीत समास सोडून असं लिहून घेते, की मी तिला फूटपट्टी म्हणते. तिचा भाऊ नऊ वर्षांचा, वाजवताना गाल असे फुगवतो की त्याचं नाव फुगाच पडलं. दोघांत मिळून एकच ट्रम्पेट, बापाने कोणाकडून तरी जुना घेतलेला. मधलं बटण दाबलं की वर यायला नको म्हणतं. तिसरी चिमणी. बस चालवणाऱ्या बाईंची मुलगी, सात वर्षांची. शिकवणी लावली आणि त्याच आठवड्यात तिचे पुढचे दोन दात पडले. आता ती फुंकते आणि वारा त्या खिडकीतून निघून जातो.

दोन आठवडे झाले, एकालाही धड सूर लागलेला नाही. आणि मला तू आठवलास. आपल्या गल्लीतल्या पोरांना बाबांच्या ट्रम्पेटचा जुना माउथपीस देऊन पाच मिनिटांत वाजवायला लावायचास तू. बाबा वाजवून दाखवायचे, मी वाजवून दाखवायचे, आणि पोरं आमच्याकडे नुसती बघत बसायची. तू काय करायचास रे? खरंच विचारतेय. आठवत असेल तर लिही.

ताई

२५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तुझ्या कामावरच्या, लिफ्टच्या सर्व्हिसिंगच्या पावतीमागे लिहिलेल्या पाच ओळी. तरी मी दोनदा वाचल्या. पुढच्या बाजूला "तारा तपासल्या, ब्रेक तपासला, दार तपासलं, पुन्हा तपासलं" असं तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तेही वाचलं.

तू सांगितलंस तसं केलं. आधी ट्रम्पेट हातात दिलाच नाही. "म" म्हणा, ओठ तसेच मिटलेले ठेवा आणि आता फुंका. तिघांचे ओठ घोड्यासारखे फुरफुरले आणि तिघं हसून लोळायला लागली. मग भिंतीवर कागद धरून नुसत्या फुंकरीने तो तिथे टिकवायचा. चिमणीचा कागद सगळ्यांत जास्त टिकला, दात नसून. फुग्याला आरशासमोर बसवलं. स्वतःचे गाल बघून तो म्हणाला, "बाई, मी बेडूक दिसतोय." आता तो बेडूक व्हायचं नाही म्हणून गाल आत ठेवतो, पाच सेकंद तरी.

पण खरी कमाल तुझ्या शेवटच्या ओळीची. घाणेरड्यात घाणेरडा आवाज काढायची शर्यत! ती मी खास फूटपट्टीसाठी लावली. त्या पोरीला चुकायची इतकी धास्ती, की ती फुंकायचीच नाही, नुसता श्वास सोडायची. सांगितलं, आज जो सगळ्यांत वाईट वाजवेल तो जिंकला. ती म्हणाली, "मुद्दाम वाईट?" म्हटलं, मुद्दाम. तिने डोळे मिटले आणि असा काही आवाज काढला की आतून आई ओरडली, "अगं, काय पडलं?" घर डोक्यावर घेतलं पोरांनी.

त्या भयंकर आवाजाच्या शेवटी, विझता विझता, खालचा सा होता. एवढासाच. पण होता. तिलाही कळलं. तिने वहीत तारीख घातली.

काल फुग्यालाही तो सापडला. त्याला मात्र तो सापडला आणि राहिलाच. लांब, गोल, न हलणारा. नऊ वर्षांच्या पोराच्या छातीतून एवढा सूर कुठून येतो देव जाणे. मी बहिणीकडे बघितलं. ती भावाकडे बघत नव्हती, वहीकडे बघत होती.

आणखी लिहीत जा. पावतीवर लिहिलंस तरी चालेल.

ताई

१९ मार्च

प्रिय धाकट्या,

विचारलंसच शेवटी. "तू स्वतः वाजवून का दाखवत नाहीस त्यांना?" एकच ओळ, आणि पावतीसुद्धा नाही, चांगला कागद.

कंटाळा आला म्हणून बँड सोडला हे मी तुला खोटं लिहिलं. गेल्या वर्षी सरावात वरच्या सुरावर असताना वरच्या ओठात चटका बसला, आत दोरा तुटावा तसा. डॉक्टर म्हणाले, ओठाचा स्नायू फाटलाय. सहा महिने विश्रांती घेतली, परत गेले, तर वरचे सूर लागेनात. बँडमास्तर भला माणूस. त्याने मला पहिल्या खुर्चीवरून तिसऱ्या खुर्चीवर आणलं. मग एक दिवस मला म्हणाला, "तुम्ही स्वरांच्या वह्यांचं बघाल का?" वह्या वाटायला लागले. महिनाभर वाटल्या आणि घरी आले.

आता मला खालचे चार-पाच सूर लागतात, तेही हवा मिसळून. मुलांसमोर ते काढायची लाज वाटते.

तुला का नाही सांगितलं? खरं सांगू? तुला बरं वाटेल अशी भीती वाटली. ती खुर्ची तुझी असायला हवी होती असं तुला वाटत असणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते. आता इतकं लिहिल्यावर पुढचंही लिहायला हवं, पण आज नको. आईला बाजारात घेऊन जायचंय.

चिमणीला एक दात आला.

ताई

१४ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. कामावर असशील तर घरी गेल्यावर वाच.

उद्या आमच्याकडे पालक यायचेत. कार्यक्रम वगैरे काही नाही, तीन मुलांनी मिळून एक छोटी धून वाजवायची आणि मग सगळ्यांनी बेकरीतला केक खायचा. धुनेचा पहिला लांब सूर मी फुग्याला दिला होता. त्याचा सूर सगळ्यांत चांगला, म्हणून दिला. पुढचा भाग त्याच ट्रम्पेटवर फूटपट्टी वाजवणार.

आज शेवटचा सराव. ट्रम्पेटची पेटी उघडली तर माउथपीस नाही. पेटीत नाही, सोफ्याखाली नाही, जिन्यात नाही. फुग्याच्या तोंडचं पाणी पळालं. दप्तर उलटं केलं त्याने. मग मधोमध जमिनीवर बसला आणि रडत रडत म्हणाला, "मीच कुठेतरी टाकला असेल. मी असाच आहे."

आणि बहीण म्हणाली, "तू नेहमीच असं करतोस."

धाकट्या, शब्द सोड, तो आवाजसुद्धा मला ओळखीचा होता. मला कळलं की माउथपीस तिच्याकडे आहे. शोधायची गरजच नव्हती.

मी फुग्याला आणि चिमणीला आईबरोबर खाली बेकरीत शोधायला पाठवलं आणि फूटपट्टीला घेऊन गॅलरीत गेले. ती कठड्याला टेकून उभी राहिली, ताठ. मी तिला रागावले नाही. मी म्हटलं, "तुला एक गोष्ट सांगते. मी ती कोणाला सांगितलेली नाही."

जे तिला सांगितलं तेच तुला सांगते. तुला चोवीस वर्षं आधी सांगायला हवं होतं.

बाबा बँडमधून निवृत्त झाले, त्यांच्या जागेसाठी चाचणी होती. एक जागा आणि आपण दोघं. चाचणी अकरा वाजता होती, हे आपल्या दोघांना माहीत होतं. आदल्या दिवशी दुपारी बँडच्या कचेरीतून फोन आला. वेळ बदलली, नऊ वाजता या, भावालाही सांगा. तू पोहायला गेला होतास. मी "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. तू आलास, जेवायला बसलास, नेहमीसारखं ताटाशेजारी पुस्तक उघडलंस. मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. आत्ता सांगू, मग सांगू, असं करत राहिले, आणि मग सकाळ झाली. "जरा आधी जाऊन ओठ गरम करते," म्हणून मी साडेआठला निघाले.

तू पावणेअकराला आलास, इस्त्रीचा शर्ट घालून. तोवर खुर्च्यासुद्धा उचलून झाल्या होत्या. कारकून म्हणाला, घरी कळवलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी बाबांसमोर म्हणाले, "काल जेवताना सांगितलं नव्हतं का तुला? तू पुस्तकात डोकं घालून बसतोस. तू नेहमीच असं करतोस."

आणि तू म्हणालास, "असेल. माझं लक्ष नसेल."

तू लगेच मान्य केलंस रे. ते मला सगळ्यांत जास्त टोचतं. तू भांडला असतास तर कदाचित मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. कदाचित. मी असं म्हणते, पण मला खात्री नाही. तू माझ्यापेक्षा चांगला वाजवायचास. तू आला असतास तर मला ती जागा मिळाली नसती.

फूटपट्टीने सगळं ऐकून घेतलं. मग वाकली आणि मोज्यातून माउथपीस काढला. तो गरम झाला होता. मला म्हणाली, "मग तुम्ही त्यांना सांगितलं?"

"नाही."

"अजूनपण नाही?"

"अजूनपण नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच अकरा वर्षांची आणि ती शिकवणारी. मग ती खाली गेली. तिने भावाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. गॅलरीतून दिसलं ते एवढंच, की त्याने तिच्या दंडावर एक चापट मारली, तिने ती खाऊन घेतली, आणि दोघं वर आली. पहिला सूर फुग्यानेच वाजवला.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचा मला काही हक्क नाही. चूक तुझी नव्हती, एवढंच लिहिते.

ताई

५ मे

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ते बरोबरच आहे. गेल्या रविवारी तू आईशी बोललास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आईने नेहमीप्रमाणे फोन पुढे करायला हात लांब केला आणि मग तसाच मागे घेतला. "घाईत आहे म्हणाला," असं तिने मला सांगितलं.

पालकांचा दिवस छान झाला, एवढंच कळवायला लिहितेय. फुग्याचा सूर लागला. फूटपट्टी मध्ये एकदा चुकली, थांबली नाही, पुढे गेली. चिमणीने दोन सूर वाजवले आणि तिची आई गणवेशातच टाळ्या वाजवत उठली, तिला लगेच बस घेऊन निघायचं होतं. बेकरीवाला म्हणाला, "बाई, आता दुसरा ट्रम्पेट घ्यावा म्हणतो." दोन्ही पोरं एकदम ओरडली, "नको!" का नको ते विचारलं तर दोघांनाही सांगता येईना.

माझं बरं चाललंय. आणखी दोन मुलांनी विचारलंय. उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही.

ताई

२० मे

प्रिय धाकट्या,

सात पानं! तू एवढं लिहू शकतोस हे मला माहीत नव्हतं.

तू जे जे लिहिलंस ते सगळं मी वाचलं, शिव्यांसकट. घराबाहेर पडताना तू अजून कुलूप तीन वेळा ओढून बघतोस. नात्यातल्यांनी तुझं नाव वेंधळा पाडलं आणि बाबा शेवटपर्यंत तुला त्याच नावाने हाक मारत राहिले. तू ट्रम्पेट विकलास तो माझ्यावरच्या रागाने नाही, तर जो माणूस वेळ लक्षात ठेवू शकत नाही त्याने ताल काय ठेवायचा, असं वाटून. हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. तू माझ्यावर रागावून गेलास असं मी समजत होते, आणि तू स्वतःवर रागावून गेला होतास. माझ्यावर रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या पानावर तू लिहिलंस, की लिफ्टच्या वरच्या यंत्राच्या खोलीत बसून पत्र वाचलंस आणि संपल्यावर मोठ्याने हसलास, कारण तू वेंधळा नव्हतास. तिथे मला रडू आलं.

आणि शेवटच्या पानावर, "आईला सांग. मी सांगणार नाही. तू सांग."

सांगितलं.

परवा दुपारी ती वाळलेले कपडे घडी करत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. तिने विचारलं, "नऊ वाजता होती?" म्हटलं, "नऊ." तिने दोन चादरींच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "तो त्या दिवशी जेवला नव्हता. मी पानात वाढलेलं तसंच उचललं." मग दोन दिवस बोलली नाही. माझं पान वाढते, पुढे ठेवते, जाते.

आज रविवार. तुझ्या फोनची वाटही न बघता तिने स्वतः फोन लावला. खुर्ची पुढे केली तर बसली नाही, उभ्यानेच बोलली. पुढचं तुला माहीत आहे. माझ्या कानावर फक्त तिची बाजू पडली. "तू वेंधळा नव्हतास रे राजा. मीही म्हटलं तुला तसं, सगळ्यांसमोर म्हटलं. आता सगळ्यांना एकेकाला फोन करून सांगणार आहे मी." मग तू बराच वेळ काहीतरी बोलत होतास आणि ती नुसती मान हलवत होती, जसं काही तुला ते दिसतंय.

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "भाजी काय करू?" म्हणजे माझ्याशी बोलली.

मावशीला, आत्याला आणि मामाला फोन करून झालेत. आत्याने विचारलं, "एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं?" आई म्हणाली, "माझ्या मुलाचं नाव आहे ते."

ताई

१७ जून

प्रिय धाकट्या,

पोहोचल्याचा निरोप आईला मिळाला. तू येऊन गेल्यापासून ती प्रत्येकाला सांगतेय की तू बारीक झालास. झालेला नाहीस.

ट्रम्पेटचं मधलं बटण आता लोण्यासारखं चालतं. फुगा विचारत होता, ते काका लिफ्टपण दुरुस्त करतात आणि ट्रम्पेटपण, मग आणखी काय काय करतात? फूटपट्टीने तू सांगितलेलं सगळं वहीत लिहिलंय, एका वेगळ्या पानावर. चिमणीला आता दोन्ही दात आहेत आणि ती म्हणते की दात नव्हते तेव्हाच बरं वाजत होतं.

बसस्टँडवर तू म्हणालास, "सगळं मिटलं असं समजू नकोस, ताई. मला अजून मधेच राग येतो. परवा जेवताना आला." मी म्हटलं, येऊ दे. तू म्हणालास, "आला की फोन करीन." तसं खरंच कर. कामाच्या वेळेत केलास तरी चालेल. मी उचलीन आणि ऐकून घेईन.

एक गोष्ट तुला समोर सांगितली नाही, आत्ता लिहिते. रविवारी शिकवणी तुझ्यावर सोपवून मी पाव आणायला खाली गेले होते आणि यायला खूप उशीर केला. तू विचारलंस, गर्दी होती का? गर्दी नव्हती. पाव घेऊन मी पाच मिनिटांत जिन्याशी आले होते. तेवढ्यात वरून आवाज आला, फाटका, घोगरा, आणि त्यावर तिन्ही पोरांचं हसणं. मग पुन्हा तसाच. मग थोडा वेळ काहीच नाही. मग एक सूर आला आणि तो संपेचना. पोरांच्या छातीत एवढा श्वास नसतो. चोवीस वर्षांत ट्रम्पेटला ओठ न लावलेल्या माणसाचा सूर होता तो, मध्ये थोडा थरथरला, सावरला, पुढे गेला.

मी पायरीवर बसले. पाव मांडीवर ठेवला. बेकरीवाला दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "काय हो बाई, वर नाही जात?"

म्हटलं, "जाते की. त्याचं होऊ दे."

तुझी,
ताई